पाणी कासवआजीचं

ऐका बरं, तळ्याकाठच्या बाभळीची कहाणी. त्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची विद्याशाळा होती, तिथं घरटी विणायला शिकवत. एकदा हिमपर्वतापलीकडच्या भिंगरी पक्ष्यांच्या शाळेतून भिंगरीबाई उडत आल्या. म्हणाल्या, "आमची पिल्लं इथं विणकाम शिकतील, तुमची आमच्याकडे चिखलाची घरं बांधायला येऊ देत." केवढा आनंद झाला सगळ्यांना!

तेवढ्यात तळ्यातल्या कासवआजीनं विचारलं, "पाहुणं पिल्लू पाण्यात पडलं, तर कोण धावेल?"

"आजी, शुभ बोला हो!" सुगरणगुरुजी चिडले. "सगळे धावतील."

"सगळे म्हणजे कोण? नाव सांगा."

मग आजीच म्हणाली, "पाणी माझं." कोतवाल पक्षी म्हणाला, "साप माझा." भिंगरीबाई म्हणाल्या, "तिकडची थंडी माझी, तुमची पिल्लं माझ्या पंखाखाली." देवाला साक्ष ठेवून प्रत्येकानं आपला वसा घेतला, आणि मगच पिल्लं आली-गेली.

एका दुपारी वारा सुटला. पाहुणी चिंगी विणता विणता घसरली नि पडली पाण्यात! बाभळीवर एकच कलकलाट झाला. पण आजी केव्हाच तिच्याखाली पोहोचली होती. ओलीचिंब चिंगी आजीच्या पाठीवर बसून काठाला आली आणि म्हणाली, "आजी, अजून एकदा!"

दुसऱ्या दिवशी सगळी पिल्लं फांदीच्या टोकाला रांगेत उभी!

"गुरुजी," आजी हसत ओरडली, "आता पडण्याचाही तास ठेवा!"

देवा, परमुलखी गेलेल्या प्रत्येक लेकराला अशी एक कासवआजी भेटो.