पेद्रूची कमान

गोव्याच्या वेशीजवळच्या दाट रानात भिकोबा महाराज एका फणसाखाली राहत. वीस वर्षे त्यांनी ऊनपाऊस अंगावर काढला. ते पाहून केळवडे गावच्या पेद्रू गवंड्याचा जीव तुटे. शेवटी तो एकटाच महाराजांसाठी मठी बांधू लागला.

पेद्रूची हयात चर्च बांधण्यात गेलेली. मठीही त्याच थाटाची झाली. पिळाचे खांब, शिंपल्यासारखे कोनाडे, आणि दारावर पंख असलेल्या गुबगुबीत बाळांचे चेहरे!

गावचे विश्राम खोत नाक मुरडून म्हणाले, "महाराजानू, ही पोरां म्हणायची काय वाघळां?"

महाराज हसले. "तेच्या हाताक जा येता, ता तेना माका दिल्यान. माका आवडला."

मठीच्या पहिल्या उत्सवाला खोतांचे पाहुणे यायचे होते. त्याआधी दर्शनी कमानीखालचा लाकडी आधार निघालाच पाहिजे, असा खोतांनी हट्ट धरला.

"चुनो अजून सुकाक नाय, खोतानू. म्हयनोभर रवा," पेद्रू काकुळतीला आला.

"चुनो कच्चो, काय तुजा काम कच्चा?"

लोक खो खो हसले. पेद्रूच्या ते जिव्हारी लागले आणि बिचारा हो म्हणून बसला. आधार काढताना गवंड्याने आपल्या कमानीखाली बसायचे, ही त्याच्या घराण्याची रीत. तो बसला खरा, पण नजर माथ्याच्या दगडावरून हलेना. इतक्यात महाराज आले आणि त्याला खेटून बसले.

"म्हाराजानू, उठा! ती पडतली!"

"मगे तू कित्याक बसलंस? घे, पान खा."

खोतांच्या गड्यांनी आधार ओढला. चुना भुरभुरला. माथ्याचा दगड करकरत बोटभर खाली आला, बाया किंचाळल्या... आणि दगड तिथेच थांबला! महाराज निवांत विडा चघळत होते. गड्यांनी धावत येऊन आधार पुन्हा लावला, तेव्हाच ते उठले.

उठताना त्यांची घोंगडी घसरली. दोन्ही खांद्यांवर दगडाच्या कडेचे लालभडक वळ! दगड तर डोक्याच्या दोन हात वर होता. केवढी ही माया! खोतांच्या डोळ्यांना धार लागली. ते महाराजांच्या पायांशी वाकले, तसे महाराज मागे सरले.

"माका नको. जो भियालो, तरी जाग्यावरसून हललो नाय, तो पेद्रू. तेच्या पायां पडा."

साऱ्या गावादेखत खोतांनी पागोटे उतरवले आणि चुन्याने फुटलेल्या त्या पायांवर डोके ठेवले.

"उठा खोतानू, उठा," पेद्रू ओशाळून म्हणाला.

खोत उठले नाहीत. तसेच वाकून म्हणाले, "तू सांगशीत तेवढे दिस रवतलंय, पेद्रू."