हौसा भोईणीचं मडकं

पिराजीराव जहागीरदारांना गळ टाकून मासे धरायचा नाद लागला आणि त्यांनी गावात दवंडी पिटवली की तळ्याच्या धक्क्यावरून दुसऱ्या कोणीही जाळं किंवा गळ टाकायचा नाही. त्याच तळ्यावर भोयांची बारा घरं जगत होती.

चौथ्या दिवशी जहागीरदार धक्क्यावर आले, तर हौसा भोईण दोरीनं मडकं वर ओढत होती. मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं, फडक्याला मधोमध भोक आणि आत भाकरीचा चुरा. चुऱ्याच्या वासानं शिरलेले आठदहा मासे आत फडफडत होते.

"हुकूम कानावर आला नाही का?" जहागीरदारांनी विचारलं.

"आला की सरकार. म्हणून तर जाळं आणि गळ घरी ठेवून आले," हौसा म्हणाली.

जहागीरदारांनी सोबत आलेल्या कारकुनाला फर्मावलं, "लिही. आजपासून या तळ्यात मडकंसुद्धा बुडवायचं नाही."

हौसा शांतपणे म्हणाली, "मग वाड्यावर आजच निरोप धाडा. तुमचा पाणक्या रोज इथूनच मडकी भरून नेतो. उद्यापासून सरकार काय पिणार?"

कारकुनाची लेखणी थांबली.

"पाण्यासाठी मडकं चालेल," जहागीरदार घुटमळत म्हणाले. "पण त्यात मासा येता कामा नये."

"मी तर मडकं पाण्यातच बुडवते, सरकार. आत यायचं की नाही, ते माशांच्या मनावर. हा हुकूम त्यांनाच वाचून दाखवा."

कारकुनानं हसू लपवायला तोंड फिरवलं. जहागीरदारांना तेही जमलं नाही. त्यांनी कागद फाडला आणि हौसाजवळ बसत हळूच विचारलं, "फडक्याचं भोक केवढं ठेवतेस गं?"