मुठीतले बेलपान

घाटाच्या पायथ्याशी तीन गावे नांदत होती. धान्याचे तांडे घाट उतरून येत आणि ज्या गावी उतरत तिथे जकात भरत. घाटाची वाट मात्र तिघांची. म्हणजे खरे तर कुणाचीच नाही.

एका पावसाळ्यात वाटेचा कडा ढासळला. बैल कसेबसे निघत, पण मेणा किंवा गाडी जाईना. सावरगावच्या सुभानराव पाटलांची येसू घाटमाथ्यावर दिलेली. पहिलटकरीण होती. बाळंतपणाला माहेरी आणायची, तर वाट हवी. तिच्या आईने, गोदाबाईंनी, अंगडी-टोपडी शिवून ठेवली होती आणि डोळे घाटाकडे लावले होते.

वाट बांधायची ती जकातीतून. पण तांडे आपल्याकडे ओढायला तिन्ही गावांनी जकात इतकी उतरवली होती की हाती काही उरतच नव्हते. शेवटी वडगावच्या पाटलांनी सुचवले, "तिघंही सारखीच जकात घेऊ." भैरोबापुढे परात ठेवली. होकार असेल त्याने बेलाचे पान टाकायचे. तिन्ही पाने पडली तरच ठराव.

वडगावचे पान पडले. त्यांच्याकडे बारमाही पाणी आणि गर्द आमराई, त्यांना कसली भीती! पिंपरीचा बाजार मोठा, त्यांचेही पडले. सुभानरावांनी मूठ उघडली नाही. सावरगावात नुसता खडकाळ माळ. सगळ्यांहून स्वस्त जकातीपायीच तर तांडे तिथे उतरत.

घरी गोदाबाईंनी एवढेच विचारले, "येसूची आठवण नाही झाली?"

"झाली गं. पण मी तिथं तिचा बाप म्हणून नव्हतो बसलो. गावाचा पाटील म्हणून बसलो होतो."

ते खोटे नव्हते. म्हणूनच गोदाबाईंना जास्त लागले.

ठराव मोडला तशी पिंपरीने जकातच माफ करून टाकली. झाडून सारे तांडे तिकडे वळले. सावरगावच्या बाजारात कुत्रेही फिरकेना. आता सुभानराव स्वतःच पान घेऊन भैरोबापुढे धावले. वडगावचे पान पडले, सुभानरावांचेही पडले. पिंपरीच्या पाटलांची मूठ मात्र मिटलेलीच.

"सुभानराव, मलाही गाव आहे," ते म्हणाले.

येसू माथ्यावरच बाळंत झाली. अंगडी-टोपडी एका तांड्याच्या नायकाबरोबर वर गेली. पुढच्या खेपेला पिंपरीकडे जाता जाता तो नायक सुभानरावांच्या दारात थांबला.

"नात झाली. नाक तुमचंच आहे, पाटील. आणि येसूताईंनी विचारलंय, वाट झाली का?"

नायक बैल हाकत निघून गेला. गोदाबाई ओट्यावर बसून माथ्यावरचा धूर बघत राहिल्या. तो लेकीच्याच चुलीचा, असे त्या रोज म्हणत.

तात्पर्य इतकेच: कौल देताना जो तो आपल्याच पोळीवर तूप ओढतो, आणि आपल्या जागी तो बरोबरही असतो, पण सगळ्यांच्या वाटेला मग कुणी वाली उरत नाही, आणि त्या वाटेवर अडकलेले माणूस आपलेच असते.