रात्री खाली उतरणारी वानरी

एका जंगलात नदीकाठच्या उंबरावर वानरांची एक टोळी राहत असे, आणि खाली त्यांनी सांडलेला पाला खाणारी एक हरिणी. टोळीतली एक वानरी नुकतीच आई झाली होती. मुलांनो, रोज मध्यरात्री ती दचकून जागी होई आणि काही खाल्ल्याशिवाय तिला पुन्हा झोपच येत नसे. फांद्या हलल्या तर सगळे उठतील, म्हणून पिल्लाला पोटाशी धरून ती खाली उतरे आणि पडलेली उंबरं घाईघाईनं, चवसुद्धा न घेता खात सुटे. खाली बिबट्या फिरतो हे तिला माहीत होतं. पण त्याच्यापेक्षा तिला भीती वाटे ती कुणी पाहील याची.

एकदा टोळीच्या म्होरक्यानं, हुप्प्यानं, पाहिलंच. "काय गं हावरट! दिवसा उपासाचं नाटक आणि रात्री चोरून फराळ?" सगळे खिदळले. आता ती थांबली असेल, असं तुम्हाला वाटलं ना? मलाही वाटलं असतं. ती आणखी लांबच्या उंबराखाली जाऊ लागली.

एका रात्री तिथे, वारा नसताना गवत हललं. तिचा हात तोंडाशी थांबला. पिल्लू मात्र निवांत दूध पीत होतं. इतक्यात झाडीतून हरिणी ओरडली, वानरीनं उडी घेतली, आणि बिबट्याच्या पंजात तिच्या शेपटीचे केस तेवढे राहिले.

सकाळी हुप्प्या गरजला, "पिल्लाचा जीव गेला असता! एवढी कसली हाव?"

"दादा," खालून हरिणी म्हणाली, "महिना झाला, हिच्या फांदीखाली सकाळचं एक पान सांडलेलं नाही. हावरट कधी असं उपाशी राहतं का?"

वानरी पुटपुटली, "सकाळी घास उतरत नाही. रात्री थांबता येत नाही. का, ते मलाच कळत नाही."

"मग जाग आली की मला हलव," शेजारची म्हातारी वानरी म्हणाली. "आणि सकाळी माझ्याजवळ बस. एक पान खाल्लंस तरी पुरे."

त्या रात्रीही तिला जाग आली. असं दुखणं एका दिवसात जातं थोडीच! बराच वेळ ती म्हातारीच्या पाठीकडे बघत राहिली. मग भीत भीत हात लावून म्हणाली, "आजी, मी जागी आहे."

लांबच्या उंबराखाली बिबट्या पहाटेपर्यंत वाट पाहत होता.

तात्पर्य : रात्री लपून खाणारा हावरटच असतो असं नाही, तो आजारीही असू शकतो, त्याला हसू नका, सोबत करा. आणि तुम्हालाच तसं होत असेल, तर आईला उठवा. ती आधी कुरकुरेल, पण उठेल.