घोटभर पाणी आणि सात मिनिटं

"...आणि तुम्हीच नाही म्हणालात, तर पुसून टाकू का मी हे, चाचा?"

कासमचाचा तानपुऱ्याच्या भोपळ्यावरून कापड फिरवत होते. मिरजेत साठ वर्षं तानपुरे घडवलेला माणूस. त्यांनी मान वर केली नाही.

"काय पुसतोस?"

"माझी धून. डब रेगे म्हणतात या परदेशी ढंगाला. घरीच केलीय. आठ महिने लागले."

"आधी वाजव तरी."

उन्मेष दोन वर्षं चाचांकडे तारा जुळवायला शिकत होता. हात चांगला होता, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं होण्याची खोड जुनी. ही धून त्याने बत्तीस मित्रांना फोनवर पाठवली. बत्तीस अंगठे आले. धून सात मिनिटांची, आणि पहिला अंगठा अर्ध्या मिनिटात.

तेव्हापासून त्याचं मन लागत नव्हतं. खरं काय ते चाचाच सांगतील. आणि ते नाही म्हणाले तर धून पुसायची, नाद सोडायचा, असं त्याने ठरवलं होतं.

त्याने छोटा स्पीकर फळीवर ठेवला. दुपार कलली होती. उन्हाच्या पट्ट्यात लाकडाचा भुसा तरंगत होता, आणि भिंतीला टेकलेले तानपुरे पेंगल्यासारखे दिसत होते.

धून सुरू झाली. खाली जाड, संथ खर्ज. वर गिटारचे तुटक ठोके.

"यात काय करतात चाचा, एकेक वाद्य काढत जायचं, आणि उरलेलं..."

चाचांनी बोट वर केलं.

"पुन्हा लाव."

उन्मेषने पुन्हा लावली.

"आता बघा हं, ढोल जाईल. मग गिटार घुमायला..."

"पुन्हा."

"इथे शंख घातलाय. तो सगळ्यांना फार..."

"पुन्हा."

उन्मेषचा चेहरा पडला.

"तुम्हाला ऐकायचंच नाही का?"

चाचा उठले. माठातून भांडंभर पाणी घेऊन आले.

"एक घोट घे. तोंडात धर. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. धून संपली की गिळ."

उन्मेषने घोट घेतला, भांडं परत दिलं आणि कळ दाबली.

पहिल्या मिनिटाला त्याला काहीतरी सांगायचं होतं. दुसऱ्या मिनिटाला तर सांगायलाच हवं होतं. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातलं त्याने सांडू दिलं नाही.

तिसऱ्या मिनिटाला शंख वाजला. तो उगाचच होता. उन्मेषला लाज वाटली.

मग ढोल गेला. त्या मोकळ्या जागेत गिटारचा एक ठोका पडला, लांब गेला... परत आला... आणखी लांब गेला. हे त्यानेच केलं होतं, तरी त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याला आतून फार बरं वाटलं. कुणाला काही सांगावंसं वाटेना.

धून संपली. त्याने पाणी गिळलं.

"शंख काढायला हवा," तो हळूच म्हणाला.

चाचा खिडकीकडे बघत होते.

"बाकी... बाकी कशी झालीय?"

रस्त्यावरून एक सायकल गेली. तिची घंटी वाजली आणि विरली.

"चाचा... पुसू का?"

...

माणसाला नाही म्हणणं जड जातं, तेव्हाच तो असा गप्प बसतो. त्याने फोन हातात घेतला. पुसायच्या खुणेवर बोट नेलं. शेवटचं एकदा चाचांकडे पाहिलं.

चाचांचे डोळे मिटलेले होते. मांडीवर भांडं होतं, रिकामं. आणि त्यांचे दोन्ही गाल टम्म फुगलेले होते.

उन्मेषने बोट मागे घेतलं. तो थांबला.

उन्हाचा पट्टा फळीवरून भिंतीवर गेला, तेव्हा कुठे चाचांनी सावकाश घोट गिळला. दाढी पुसली. डोळे उघडले.

"तुझी मघाच संपली होय?" ते म्हणाले. "माझी आत्ता संपली बघ."