राजाला टोचलेला खिळा

राजा दुंदुभिसेनाच्या बुडाला खिळा टोचला! बुडाला म्हणजे बुडालाच. राजालाही बूड असतं, नाहीतर सिंहासन हवंय कशाला?

झालं होतं असं. सिंहासनाच्या गादीची कड उसवली, म्हणून लिंबाजी कारागिराला बोलावणं गेलं. गादीची कड ठोकायची हातोडी म्हणजे काही लोहाराचा घण नव्हे. सडपातळ बांधा, चिमणीच्या चोचीएवढं तोंड, आणि त्या तोंडाला चुंबक. कारागीर मूठभर बारीक खिळे तोंडात धरतो, जिभेनं एकेक ओठांवर आणतो, हातोडी तो टिपते आणि ठक्! दुसरा हात मखमल ताणायला मोकळा. अशा वेळी कारागिराला बोलायला लावू नये, एवढी अक्कल शेंबड्या पोरालाही असते.

राजाला नव्हती. महाराज दिसले की ज्यानं त्यानं गळा फाडून जयजयकार करायचा, जो करणार नाही त्याची जीभ छाटायची, असा त्याचा हुकूम! त्या दिवशी तो अचानक दरबारात शिरला. लिंबाजीनं जीभ वाचवायला तोंड उघडलं. "महाराजांचा विजय असो!" म्हणाला, आणि विजयाबरोबर तोंडातले सगळे खिळे गादीवर उडाले. तो ते गोळा करणार, तेवढ्यात राजा बसलासुद्धा!

"आई गंऽऽ!"

राजा हातभर वर उडाला. लिंबाजीनं घाबरून गादीवर हातोडी फिरवली. झालं, सगळे खिळे तिला चिकटले! टोचणारा आणि न टोचणारे, सगळे एकाच घोळक्यात.

"राजद्रोह!" राजा गरजला. "पण मी न्यायी आहे. गुन्हा एका खिळ्याचा, शिक्षा त्या एकालाच. निरपराध खिळ्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये!"

"खिळ्याला केस नसतात, महाराज," प्रधान पुटपुटला.

"तुम्ही गप्प बसा! तोवर लिंबाजी कोठडीत! सूर्य मावळायच्या आत तो खिळा ओळखून काढा. नाहीतर हातोडी भट्टीत आणि लिंबाजी राज्याबाहेर!"

सोनारानं खिळे तराजूत घातले. सगळे सारखे. वैद्यानं हुंगून पाहिले आणि त्याला शिंका आल्या. ज्योतिष्यानं विचारलं, "कोणत्या नक्षत्रावर ठोकलाय?" कुणीतरी म्हणालं, "अजून ठोकलाच नाही हो!" "मग मुळात जन्मच झाला नाही," असं म्हणून ज्योतिषी घरी गेला.

लिंबाजीची लेक हौसा भाकरी घेऊन कोठडीपाशी आली, तर बाप रडतोय.

"राज्याबाहेर एक वेळ जाईन गं. पण हातोडी जळाली तर हे हात काय चाटायचे?"

हौसानं भाकरी त्याच्या हातात दिली. "जेवा आधी. मी येते जाऊन." आणि पदर खोचून तडक दरबारात!

"तू ओळखणार खिळा?" राजा हसला.

"मी कशी ओळखणार? मला थोडाच टोचलाय? पण एक साक्षीदार आहे, महाराज. त्यानं गुन्हेगाराला अगदी जवळून पाहिलंय."

"कुठाय तो?"

"तुमच्या मागंच आहे की!"

राजा गर्रकन वळला. मागे कुणी नाही.

"कुठाय?"

"आता पुन्हा मागं गेला!"

राजा डावीकडून फिरला, उजवीकडून फिरला, मुकुट कानावर आला. प्रधान कण्हल्यासारखा आवाज काढून खांबाआड गेला. हसू दाबताना तसाच आवाज येतो.

तोवर हौसानं सगळे खिळे गादीवर ओळीनं मांडले होते, टोकं वर करून.

"महाराज, खिळा टोचला तुमच्या बुडाला. तेव्हा ओळख पटवायची तीही त्यानंच. एकेकावर बसा आणि सांगा, हा की तो!"

राजानं खिळ्यांकडे पाहिलं, मग खांबाकडे.

"माझ्या वतीनं प्रधानजी बसतील," राजा म्हणाला.

"मी?" खांबाआडून आवाज आला.

"चालायचं नाही!" हौसा कडाडली. "त्यांच्या बुडानं गुन्हा पाहिलाय का? खोटी साक्ष होईल!"

राजा हट्टी खरा. दात आवळून पहिल्या खिळ्यावर टेकला.

"आई गंऽऽ! हाच! हाच तो!"

"हाच, की असाच?"

"म्हणजे... असाच होता."

"असाच म्हणून कसं भागेल? निरपराध खिळ्याला शिक्षा नको, हा हुकूम तुमचाच. चला, दुसरा!"

राजा वाकला. दुसऱ्या खिळ्याच्या वर वीतभर येऊन थांबला. खाली जायची हिंमत नाही, वर यावं तर न्याय बुडतो! सिंहासनाचा धनी अर्ध्यात ओणवा, मुकुट कानावर, समोर खिळ्यांची लांबलचक रांग! एवढ्यात समोरच्या आरशात त्याला स्वतःचं ध्यान दिसलं, आणि हसूच फुटलं. असा हसला, असा हसला, की तोल जाऊन पुन्हा बसणारच होता. हौसानं हात धरून ओढला म्हणून वाचला!

"खटला रद्द! सोडा लिंबाजीला! पोरी, हातोडीला चांदीचा दांडा देतो!"

"चांदी घामेजलेल्या हातात सरकते, महाराज. सागाचाच बरा आहे."

"मग मखमलीचे तागे घे, आंब्याची बाग घे! आणखी काय हवं?"

"तोंडात खिळा असेल त्याला जयजयकार माफ करा."

"केला माफ!"

दुसऱ्या दिवशी राजा ऐटीत दरबारात आला. चिडीचूप! विजय नाही, जय नाही. राजानं डोळे वटारून पाहिलं, तर चोपदारापासून प्रधानापर्यंत प्रत्येकाच्या ओठांत एकेक खिळा चमकत होता!

राजा पोट धरून हसला. मग गादीवरून नीट हात फिरवला, आणि बसला.