कोल्ह्याचा श्रावण

कोंडजाईच्या डोंगराखाली हिवरदरी नावाचे लहानसे गाव आहे. उंबरनाथ महाराज एका वर्षी चातुर्मासासाठी तिथे उतरले आणि ओढ्याकाठच्या मारुतीच्या देवळात राहिले. महाराजांचा स्वभाव मोठा चौकस. मुंग्यांची रांग दिसली की ती कुठवर जाते ते पाहायला उठून निघत. लोक शंका विचारायला यायचे, आणि महाराजच त्यांना सुगरणीच्या खोप्याबद्दल विचारत बसायचे. अशा भोळ्या रूपात केवढे सामर्थ्य दडले होते, हे गावाला तोवर ठाऊक नव्हते.

गावाच्या अगदी कडेला ठकूबाई नावाची विधवा राहत असे. दारात दहा-बारा कोंबड्या. त्यांची अंडी बाजारात विकून ती पोट भरी. रोज सकाळी देवळाच्या पायरीखालूनच ती महाराजांना हात जोडी. वर यायची तिची छाती होत नसे, कारण येसाजी पाटलांनी तिला एकदा चारचौघांत हटकले होते, "कोंबड्यांची घाण काढणारे हात तुझे, भक्ती कसली करतेस गं?" लोक खो खो हसले होते. महाराज मात्र तिच्याच हातची भाकरी मागून खात.

श्रावण लागला आणि कोल्हा ठकूबाईच्या खुराड्यात शिरू लागला. आज एक कोंबडी गेली, उद्या दुसरी. आठवड्यात पाच गेल्या. पाटलांनी तिला चावडीवर बोलावले.

"श्रावणात दारात कोंबड्या नाचवतेस, देव कोपणार नाही तर काय! तुझ्यापायी जनावर घरांपाशी आलं. सोमवारच्या आत कोंबड्या विकून टाक, नाहीतर गाव सोड. कोल्ह्याला विष घालायचं मी बघतो."

ठकूबाई रडत देवळापाशी आली. "महाराज, कोंबड्या गेल्यावर मी खाऊ काय? आन् माझं चुकलं तरी काय?"

"रडू नकोस, आई. मला आधी सांग, आषाढात किती गेल्या?"

ठकूबाईने डोळे पुसले. "एक बी न्हाई गेली."

"मग श्रावणातच का?" महाराजांचे डोळे चमकले. "कोल्हा पंचांग बघतो की काय?"

महाराज तडक तिच्या घरी गेले. चिखलात गुडघे टेकून त्यांनी खुराड्याभोवती पाहिले. एका बाजूने माती उकरून आत जायला भोक पाडलेले होते. ओल्या मातीत पावले उमटली होती, ती घाणेरीच्या झुडपांतून गेली होती. ती डोंगराकडे जातील असे सगळ्यांना वाटले, पण महाराज पावलांमागून चालत गेले ते थेट पाटलांच्या परसाच्या भिंतीमागे! तिथे हाडांचा हा एवढा ढीग. मागून गाव गोळा झाले होते, पाटीलही आले.

"पाटील, आषाढात तुमच्याकडे काय काय शिजलं?" महाराजांनी निरागसपणे विचारले.

लोकांनी तोंडाला पदर आणि उपरणी लावली. आखाड पाटलांच्या घरी कसा साजरा होतो, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होते.

महाराज म्हणाले, "महिनाभर तुम्ही भिंतीवरून हाडं फेकलीत, कोल्ह्याची पंगत बसली. श्रावण लागला, तुम्ही सोवळे झालात. पण हे त्याला कुणी सांगितलंच नाही! तो आपला रोजच्यासारखा जेवायला आला. इथं काही नाही, म्हणून शेजारी गेला."

पाटील लालेलाल झाले. "महाराजांनी देवाधर्माचं बोलावं. कोल्ह्याला आमचं विष पुरेसं आहे."

"विष घालू नका, पाटील. ते कुणाच्या तोंडी जाईल याचा नेम नसतो."

पाटील हसून निघून गेले. श्रावण असूनही त्यांनी बाजारगावाहून मांस आणवले, आणि त्याच संध्याकाळी विष लावलेले पाच तुकडे ओढ्याकाठी टाकले.

इकडे महाराजांनी गाव कामाला लावले. हाडे खोल पुरली, घाणेरी तोडली. कोल्हा माती उकरून शिरतो, म्हणून खुराड्याभोवती हातभर खोल चर खणून त्यात चपटे दगड उभे करायला घेतले. दाराला भक्कम कडी बसली. दिवेलागणीआधी कोंबड्या आत घ्यायच्या आणि उजाडल्याशिवाय सोडायच्या नाहीत, असे त्यांनी ठकूबाईला बजावले. मग महाराज एकटेच डोंगराच्या कपारीपाशी, कोल्ह्याच्या बिळाजवळ जाऊन बसले. तिथे काय बोलणे झाले, कोण जाणे!

सकाळी पाटलांकडे आरडाओरड झाली. त्यांचा शिकारी कुत्रा बहिऱ्या दोरी तोडून गेला होता. एकदा रानडुकराच्या तोंडातून त्याने पाटलांना वाचवले होते. त्याच्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव. पाटील ओढ्याकडे धावले. पाचही तुकडे नाहीसे झालेले! "बहिऱ्या, बहिऱ्या" करत ते कसेबसे देवळापाशी आले.

आणि काय आश्चर्य! महाराजांच्या शेजारी बहिऱ्या शेपूट हलवत बसला होता. त्याचा कान तेवढा फाटला होता. महाराजांच्या पायांपुढे पाचही तुकडे ओळीने मांडलेले, एकाचाही लचका तुटलेला नाही. ओढ्यापलीकडच्या गवतात कोल्हा उभा होता. त्याने एकदा इकडे पाहिले आणि तो डोंगराकडे निघून गेला.

"उजाडताना एकेक आणून ठेवत होता," महाराज म्हणाले. "शेवटचा तुकडा तुमच्या बहिऱ्याच्या तोंडातून हिसकावला. त्या झटापटीत कान फाटला."

"पण महाराज, मुक्या जनावराला विष कळलं कसं? तुम्ही त्याला काय सांगितलंत?" पाटलांनी विचारले.

"मी फक्त विचारलं, बाबा, भूक लागली आहे का? पुढचं देव जाणे. मी स्वतः सकाळपासून हाच विचार करतोय."

पाटलांना हुंदका फुटला. ज्याला मारायला विष घातले, त्यानेच आपला बहिऱ्या वाचवला! त्यांनी महाराजांचे पाय धरायला हात पुढे केले, तोच महाराजांनी पाय मागे घेतले.

"ठकूबाईच्या खुराड्याचा एक दगड बसवायचा राहिलाय. वाकायचं असेल तर तिथं वाका."

पाटील गेले. पागोटे काढून त्यांनी बाजूला ठेवले, चिखलात गुडघे टेकले आणि दगड नीट ठोकून बसवला. उठून पाहतात तो अंडी उबवायला जागा शोधणारी एक खुडूक कोंबडी पागोट्यात ऐसपैस बसलेली! ठकूबाई घाबरून तिला हाकलायला धावली.

पाटलांनी तिच्यापुढे हात जोडून मान लववली. "बसू दे, ठकूबाई. चुकलं माझं. तू इथंच राहा."

आणि पाटील त्या दिवशी साऱ्या गावातून उघड्या डोक्याने घरी गेले.